दोनच लेकरांचं घर

माझ्या मुलाच्या घरी संध्याकाळच्या जेवणाबरोबर टीव्हीही वाढला जातो. त्या दिवशी लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा चालू होती. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी गायली, बरी गायली, आणि मग गाणं राहिलं बाजूला. सूत्रसंचालकाने माईक तिच्या बापापुढे धरला आणि मुलीला काय सांगाल म्हणून विचारलं. बाप उठला, धावत मंचावर गेला, मुलीला उचललं आणि रडायला लागला. मुलीचं तोंड त्याच्या पाठीकडे आणि ह्याचं तोंड बरोबर उजेडात. रडता रडता त्याने एकदा डोळे उघडून कॅमेरा कुठे आहे ते पाहून घेतलं. माझ्या सुनेने ओढणीने डोळे पुसले. मी ताट सारून उठले.

"आईंना काहीच आवडत नाही," सून मुलाला म्हणाली.

खरं आहे. वय झालं की जीभ तिखट होते म्हणतात, माझी आधीपासूनच आहे. पण मला गाणं आवडतं आणि लेकरंही आवडतात. मला शिसारी येते ती त्या उचलण्याची. बापाने आपलं लेकरू उचलणं ही माझ्या लेखी साधी गोष्ट नाही. सानगडीत, माझ्या माहेरी, माझ्या डोळ्यांदेखत ती एकाच दिवशी घडली, आणि तीही तीन वेळा करून घ्यावी लागली.

आमचं घर धानाच्या शेतीवर चालायचं. दिवाळीनंतर वडील गावातलं धान घेऊन पुढे विकायचे, त्यामुळे छपरीत, म्हणजे घरापुढच्या झाकलेल्या ओसरीत, कायम माणसं बसलेली. छपरीच्या एका टोकाला आबाजींची बाज. आबाजी म्हणजे वडिलांचे वडील. त्या बाजेवरून त्यांना अंगण, गोठा, विहीर आणि घरातलं हरेक माणूस दिसायचं. दिसावं अशीच ती टाकलेली होती.

आमच्याकडे रीत अशी, की वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपलं लेकरू उचलायचं नाही. मांडीवर घ्यायचं नाही, लाड करायचे नाहीत, हाकसुद्धा मारायची तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून. भावाचं लेकरू उचललं तर चालतं, शेजाऱ्याचं चालतं, आपलं तेवढं नाही. आपलं उचललं की तो माणूस निर्लज्ज, बायकोच्या मुठीतला. गावात बऱ्याच घरी ही रीत होती आणि बरेच बाप ती सोयीने मोडायचे. कुणी शेताच्या वाटेवर पोराला खांद्यावर घ्यायचा आणि घर दिसलं की उतरवून ठेवायचा. कुणी गोठ्यात नेऊन मुके घ्यायचा. आमचे वडील मात्र ती इतकी पाळायचे की गावात त्यांचं नाव होतं. "पोरगा असावा तं असा," म्हातारे आबाजींना म्हणायचे. "तुमच्यासमोर लेकराकडे पाहत बी नाई."

माझा भाऊ दहा महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट आहे. मी पाच वर्षांची असेन. आमची छपरी अंगणापासून दोन हात उंच. भाऊ रांगत रांगत तिच्या काठाकडे निघाला. वडील तिथेच बसले होते, हात लांबवला असता तर त्याचा सदरा धरता आला असता. आबाजी बाजेवर होते. वडिलांनी भावाकडे पाहिलं, मग आबाजींकडे पाहिलं, आणि आत तोंड करून ओरडले, "अवो, कोणी हाये का घरात? पोट्टं पडून राहिलं."

आई तांदूळ धुतलेल्या हातांनी धावत आली. तोवर भाऊ खाली दगडावर. हनुवटी फुटली, रक्ताने सदरा भिजला. वडील जागचे हलले नाहीत. आबाजी आईला म्हणाले, "एक लेकरू सांभाळता येत नाई का तुले?" आणि छपरीत बसलेल्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. आईने पदर दातात धरला आणि भावाला आत नेलं. त्या वयात मला राग म्हणजे काय ते नीट कळत नसावं, पण वडिलांच्या त्या मांडीवर ठेवलेल्या दोन धडधाकट हातांची मला किळस आली. हातांचा उपयोग नसेल तर ते असतात कशाला, असं काहीसं वाटलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हाला घेऊन चिखल्याला मामाकडे जायची. मामा तिथल्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला होता. पाळी संपवून यायचा तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळा काळा. आधी दगडावर बसून बादलीभर पाण्याने घासून अंघोळ, मग एक लेकरू खांद्यावर, एक सायकलच्या दांडीवर, आणि निघाला वसाहतीत फेरी मारायला. तो एकटाच नव्हे. संध्याकाळी त्या वसाहतीच्या रस्त्यावर बाप आणि लेकरं ह्यांचीच वर्दळ असायची. कुणी नाकाडोंगरीच्या बाजारातून आणलेली भिंगरी फिरवून दाखवतोय, कुणी मुलीच्या वेण्या घालतोय आणि वेडीवाकडी घातली म्हणून बायकोच्या शिव्या खातोय. मी तोंड उघडं टाकून बघायचे. तिथे म्हातारे फारसे नव्हतेच, सगळे आपापल्या गावी राहिलेले. मी मनात हिशेब जुळवला की आबाजी नसले की बाप असा होतो.

म्हणून त्या वर्षी वडील आम्हाला न्यायला आले तेव्हा मी मामाच्या दारात त्यांची वाट पाहत बसले. ते आले, खाटेवर बसले, पाणी प्यायले. मी जवळ जाऊन उभी राहिले, अगदी शेळी माणसाच्या गुडघ्याला टेकून उभी राहते तशी. इथे आबाजी नव्हते, गावातलं कुणीही नव्हतं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मामाला म्हणाले, "मोठी झाली हे," आणि आपली पिशवी उचलून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. रीत त्यांच्यावर कुणी लादलेली नव्हती. तिच्यामुळे त्यांचं काम सोपं झालं होतं, इतकंच. पुढच्या वर्षीपासून मी दारात बसले नाही.

लहानीचा जन्म चिखल्याचाच. लहानी म्हणजे माझी धाकटी बहीण, घरात तिला सगळे लहानीच म्हणायचे. तिसऱ्या वेळेस आईच्या पायांवर सूज आली, गावच्या सुईणीने हात जोडले, तेव्हा मामा येऊन तिला घेऊन गेला आणि खाणीच्या दवाखान्यात बाळंतपण झालं. घरच्यांना दुसरा मुलगा हवा होता. मुलगी झाल्याचं कळल्यावर वडील अडीच महिने तिकडे फिरकले नाहीत. शेवटी मामाच आई आणि लहानीला सोडायला आला, आणि आबाजींनी बाजेवरूनच विचारलं, "रंगानं कशी हाये?"

जन्माची नोंद तिकडेच झाली. आमच्या गावच्या नर्सबाईच्या रजिस्टरात ती कधी आलीच नाही. पुढे त्या नर्सबाईची बदली झाली, नवीन बाई आल्या, आणि त्यांनी रजिस्टर पाहून गावाचा तक्ता केला. त्या तक्त्यात आमचं घर होतं एक मुलगी, एक मुलगा. वर पक्कं घर, विहीर, दारात बैलजोडी. आणखी काय पाहिजे?

मी बारा वर्षांची होते, भाऊ आठचा, लहानी पाचची. दिवाळी झाली होती, खळ्यावर धान पडलेलं होतं. गावात बातमी आली की छोट्या कुटुंबाच्या प्रचारासाठी एक फिल्म काढायची आहे आणि ती टीव्हीवर दाखवणार. फिल्म काढायचं काम नागपूरकडच्या कुण्या मंडळींनी घेतलं होतं. त्यांना नाटकातली माणसं नको होती, खरंखुरं कुटुंब हवं होतं. नवीन नर्सबाईंनी तक्ता काढला आणि सरपंचांना घेऊन आमच्या छपरीत आल्या.

"तुमचं घर आदर्श आहे," बाई म्हणाल्या. "दोनच मुलं, तीही एक मुलगा एक मुलगी."

सरपंचांना लहानी ठाऊक होती. ती त्या क्षणी त्यांच्यासमोर अंगणात चिखलाचे लाडू करत बसली होती. सरपंचांनी तिच्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि मूग गिळून बसले. वडिलांनी फक्त घसा साफ केला. एक शब्द बोलायचा होता, "तीन." तो बोलले असते तर बाई दुसऱ्या घरी गेल्या असत्या आणि आमचं काहीच वाकडं झालं नसतं. पण टीव्हीवर जायचं म्हणजे काय असतं ते ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. तालुक्यातून कुणी टीव्हीवर गेल्याचं तोवर आमच्या ऐकिवात नव्हतं. वडील म्हणाले, "या, कधी बी या."

शूटिंगच्या दिवशी सकाळीच आईने लहानीला शेजारच्या काकूकडे नेऊन ठेवलं. पदरात मुरमुरे आणि गूळ बांधून दिला आणि हाक मारीपर्यंत यायचं नाही म्हणून सांगितलं. लहानीने विचारलं, "काहून?" आई म्हणाली, "पाहुणे येऊन राहिले." पाहुणे येणार आणि आपण शेजारी जायचं, ह्यात काही चुकतंय हे पाच वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. ती तीनदा मागे वळून पाहत गेली. मी फाटकात उभी होते, केसांना नवीन रिबीन बांधून.

जीप आली. तिच्यातून तिघं उतरले. एक कॅमेरावाला, एक माईक धरणारा, आणि एक साहेब, जे सगळ्यांना हुकूम सोडत होते. साहेबांनी छपरी पाहिली, पोती हलवायला लावली, भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं. अर्धा गाव फाटकाबाहेर उभा होता. साहेबांनी वडिलांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "मुलाला मांडीवर घ्या. मुलीच्या डोक्यावर हात ठेवा. असं, प्रेमाने."

वडील दगडासारखे बसून राहिले. त्यांनी बाजेकडे पाहिलं. बाज आता कॅमेऱ्याच्या मागे होती आणि आबाजी तिच्यावर धुवट धोतर नेसून, गुडघ्यांवर हात ठेवून, कौतुकाने बघत बसले होते. मला वाटलं, आता आबाजी उठून जातील, नाहीतर काठी आपटतील. आयुष्यभर ज्यांच्या नजरेसाठी वडिलांनी आम्हाला हात लावला नव्हता, ते आबाजी म्हणाले, "घे ना मांडीवर. साहेब सांगून राहिले तं घे."

इतकंच. एका वाक्यात मिटलं. भावाची हनुवटी ज्या रीतीपायी फुटली, ती रीत कुणी अनोळखी माणूस जीपमधून आल्याबरोबर आबाजींनी पायातली वहाण काढावी तशी काढून ठेवली.

वडिलांनी भावाला उचललं. त्यांना उचलता येत नव्हतं. आठ वर्षांचा पोरगा, त्याचे पाय जमिनीला टेकत होते, आणि त्यांनी त्याला पोतं धरतात तसं काखेतून धरलं. भाऊ घाबरून ताठ झाला. साहेब म्हणाले, "हसा." दोघे हसले. मग वडिलांचा दुसरा हात माझ्या डोक्यावर आला. जड हात होता, तंबाखूचा आणि कोंड्याचा वास येणारा. साहेबांचं समाधान झालं नाही. परत एकदा, मग आणखी एकदा. आमचे वडील त्या सकाळी तीनदा बाप झाले, आणि तिसऱ्यांदा तर त्यांना ते जमू लागलं. त्यांनी बोटांनी माझे केस थोडे कुरवाळले. तसं करायला साहेबांनी सांगितलेलं नव्हतं.

आणि मला ते आवडलं. आजही हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? मला तो हात हवा होता. मला ठाऊक होतं की हे सगळं नाटक आहे, साहेब गेले की हा हात परत मांडीवर जाऊन पडणार, तरी मी मान हलवत नव्हते, हात निसटू नये म्हणून.

माईकवाला पुढे आला. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही भावंडं किती?"

मला कुणी पढवलं नव्हतं. वडिलांनी काही सांगितलं नव्हतं, आईनेही नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मला कळतं. मला कळत होतं.

"दोघं," मी म्हणाले. "मी आणि माझा भाऊ." वर अजून म्हणाले, "आमचे बाबा आमचा खूप लाड करतात." साहेब खूश झाले.

तेवढ्यात लहानी आली. काकूने तिला धरून ठेवलं होतं, पण कुठवर धरणार? ती कुंपणाच्या फटीतून निघून परसातून आली. केस विंचरलेले नव्हते, नाक वाहत होतं, झग्यावर गुळाचे डाग. ती दारात थबकली. तिने बघितलं की बाबांच्या मांडीवर भाऊ बसला आहे. असं काही तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. तिचा चेहरा एकदम उजळला. तिला वाटलं असावं की आता बाबा लेकरांना घ्यायला लागले. ती धावत पुढे आली आणि वडिलांसमोर दोन्ही हात वर करून उभी राहिली.

वडिलांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहून ते म्हणाले, "शेजारची आहे साहेब. सारखी इथेच असते."

वडील साहेबांच्या भाषेत बोलले ते लहानीला नीट कळलं नाही, पण हात कुणी धरला नाही हे कळलं. तिने हात तसेच वर ठेवले. मग ती रडायला लागली. आई फराळाची थाळी घेऊन दारात उभी होती, कारण साहेबांनी सांगितल्याप्रमाणे तिला हसत थाळी आणायची होती. ती तशीच उभी राहिली. मी आईला आजवर पुष्कळ गोष्टी माफ केल्या आहेत, पण ती थाळी तिने खाली का टाकली नाही, हे मात्र मला कधी समजलं नाही. आणि मी स्वतःही डोकं हलवलं नाही, तेव्हा बोलायला तोंड कुठे आहे? साहेब कॅमेरावाल्याला हळूच म्हणाले, "घेत राहा, घेत राहा." मग फाटकातून काकू आली आणि लहानीला उचलून घेऊन गेली.

त्या दिवशी साहेब गेल्यावर आईने भांडी घासली. आमच्या घरी रोज भांडी घासली जायची, पण त्या दिवशी तिने घासलेलीच परत घासली. वडील विहिरीपाशी हात धूत होते. आई भांड्यांकडे बघत म्हणाली, "माह्या पोटची हाये ते. शेजारची नाई."

"तोंडातून निघून गेलं," वडील म्हणाले. "आता त्याचं काय घेऊन बसली? ते काही दाखवणार हायेत का?"

पुढे होळीच्या आधी एकदा निरोप आला की फिल्म अमुक दिवशी संध्याकाळी टीव्हीवर लागणार. गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीत, उंच बांबूवर अँटेना बांधलेली. वारा आला की चित्रावर मुंग्या यायच्या. वडिलांनी धुतलेला सदरा घातला. आबाजींसाठी खुर्ची नेली. लहानीला ह्या वेळी कुणी शेजारी ठेवलं नाही. ती माझ्या मांडीत बसली होती.

फिल्म सात-आठ मिनिटांची असेल. सुरुवातीला आमचं घर आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बैलजोडी आली, आई थाळी घेऊन हसत आली. वडील भावाला मांडीवर घेऊन बसलेले, माझ्या डोक्यावर हात. मागून कुणी भरदार आवाजात सांगत होता की दोन मुलांच्या घरात आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळतो, मुलांना माया मिळते. मग माझा चेहरा मोठा झाला आणि मी पंचायतीच्या त्या खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोघं. मी आणि माझा भाऊ." लहानी माझ्या मांडीत होती. तिची पाठ माझ्या पोटाला लागलेली होती.

मग तो आवाज बदलला. ज्या घरात पाळणा थांबत नाही, तो म्हणाला, तिथे लेकरांचे असे हाल होतात. आणि पडदाभर लहानी आली. वाहतं नाक, पिंजारलेले केस, गुळाचे डाग, वर केलेले दोन्ही हात, आणि रडणं. वडील त्यात नव्हते. त्यांना कापून टाकलं होतं. ते रिकामे हात किती तरी वेळ दाखवत राहिले, निदान मला तसं वाटलं.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "अरे, हे तं तुहीच लहानी हाये ना बे?" आणि सगळे हसले. वाईट हसले असं नाही, गाव हसतं तसं हसले. वडीलही हसले. तेच मला सहन झालं नाही. मान खाली घातली असती, उठून गेले असते, रागावून काही बोलले असते, तर मी कदाचित आज दुसरं काही लिहिलं असतं. ते हसले आणि म्हणाले, "टीव्हीवाल्यांचं काय, कायले बी काय जोडतात." दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे असतात म्हणतात. आमच्या वडिलांनी त्या दिवशी दोन्ही दाखवले.

लहानीला मात्र आनंद झाला होता. ती टीव्हीवर आली होती. "मी हाये, मीच हाये," म्हणत ती माझ्या मांडीतून उठली आणि माणसांच्या पायांमधून वाट काढत वडिलांपाशी गेली. आता तर सगळ्या गावाने पाहिलं होतं की बाबा लेकरांना मांडीवर घेतात. तिने परत हात वर केले, अगदी टीव्हीतल्यासारखे.

वडिलांनी आबाजींकडे पाहिलं. आबाजी खुर्चीत बसून टीव्हीकडे बघत होते. कॅमेरा नव्हता, साहेब नव्हते, आणि रीत परत जागेवर आली होती. "बाईकडे जाय," वडील तिला म्हणाले. बाई म्हणजे मी, मोठी बहीण. मी उठून तिला कडेवर घेतलं आणि घरी निघाले. पाच वर्षांची पोर, बारा वर्षांच्या मुलीला जड होते, पण मी तिला खाली उतरवलं नाही.

पिंपळाच्या पाराशी आल्यावर तिने विचारलं, "बाई, तू दोघं म्हणली ना?"

"हो."

"मंग मी कोणती?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी खोटं बोलले, बाबा खोटं बोलले, तू आमचीच आहेस. एवढं सांगायला काही फार मोठं मन लागत नाही. पण मला बाबांचा तो हात आठवला, केस कुरवाळणारा, आणि तो खोटा होता असं मलाच मोठ्याने म्हणवेना. मी म्हणाले, "टीव्हीत दोघांचीच जागा होती. म्हणून तुले शेजारची केलं."

तिने थोडा विचार केला. मग "हो का," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला पटलं. मोठी बहीण सांगते म्हणजे तसंच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. लहानी माठापाशी उभी होती, हातात गडवा घेऊन. आत आई होती, छपरीत वडील आणि आबाजी होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे येऊन तिने विचारलं, "बाई, मी पाणी पिऊ का?"

आमच्या घरात पाणी प्यायला कधी कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं. काकूकडे गेलं म्हणजे विचारायचं असतं, असं आईनेच आम्हाला शिकवलं होतं. मी झाडू थांबवला. त्यानंतर कितीतरी महिने ती विचारत राहिली, पाणी पिऊ का, भात घेऊ का, इथे झोपू का, आणि दर वेळी मलाच. मी तिला एकदाही म्हणाले नाही की विचारू नको. मी "घे" म्हणायचे, आणि ती घ्यायची.